राखलेल्या वनांतील विसावा

जपानच्या वनखात्याचे तत्कालीन प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी १९८२ मध्ये आपल्या देशबांधवांपुढे एक सूचना मांडली. समुद्रस्नानासाठी किंवा उन्हात पडून राहण्यासाठी लोक जसा आवर्जून वेळ काढतात तसा तो अरण्यासाठीही काढावा, झाडांच्या सान्निध्यात सावकाश फिरावे, बसावे, दीर्घ श्वास घ्यावा आणि पाचही इंद्रियांनी तेथील वातावरण अनुभवावे, असे तिचे स्वरूप होते. या उपक्रमाला त्यांनी ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान असे नाव दिले. त्यात ना शिखर गाठायचे असते, ना अंतर कापायचे. गिर्यारोहकाला जिचे अप्रूप असते ती दमछाक येथे टाळायचीच असते. गेल्या चार दशकांत ही कल्पना जगभर पोहोचली, तिच्यावर पुस्तके निघाली, पर्यटन कंपन्यांनी तिच्या सहली आखल्या, आणि या प्रसारात तिचा मूळ संदर्भ बराचसा मागे पडला. वनस्नान हा जपानमध्ये प्राचीन काळापासून चालत आलेला ध्यानविधी असल्याचा समज आज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते आधुनिक सरकारी धोरणातून जन्मलेले आहे. प्राचीन आहे ती त्यामागची वने राखण्याची परंपरा, आणि ती जाणून घेतल्याखेरीज वनस्नानाचे खरे मोल ध्यानात येत नाही.

ही सूचना नेमकी त्याच सुमारास पुढे यावी याला कारणे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आणि त्यानंतरच्या पुनर्बांधणीतील लाकूडतोडीने जपानचे डोंगर मोठ्या प्रमाणावर उघडे पडले होते, म्हणून १९५० आणि १९६० च्या दशकांत त्यांवर सुगी आणि हिनोकी या सरळसोट वाढणाऱ्या दोन सूचिपर्णी वृक्षांची प्रचंड लागवड करण्यात आली. मात्र ही झाडे तोडणीच्या वयाला येण्यापूर्वीच, १९६४ पर्यंत, लाकडाची आयात खुली झाली आणि स्वस्त परदेशी लाकडापुढे देशी वनव्यवसाय खचत गेला. त्याच काळात डोंगराळ भागातील खेडी ओस पडत होती, माणसे टोकियो, ओसाका, नागोया या महानगरांत एकवटत होती, आणि अतिकामामुळे हृदयविकाराने किंवा मेंदूतील रक्तस्रावाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ हे नाव मिळून तो सार्वजनिक चिंतेचा विषय बनू लागला होता. अकियामा यांच्या सूचनेने ओस पडलेली वने आणि थकलेले नागरिक हे दोन प्रश्न एकमेकांशी जोडले. तिच्यामागे वनखात्याचे स्वतःचे हित होते हे उघड आहे, पण त्यामुळे तिचे महत्त्व कमी होत नाही, कारण ज्या जंगलाशी लोकांचा काही संबंध उरतो तेच जंगल टिकण्याची शक्यता अधिक असते.

वनस्नानाचा पहिला मेळावा त्याच वर्षी नागानो प्रांतातील आगेमात्सू गावाजवळ, कीसो नदीच्या खोऱ्यातील अकासावा या वनात भरला. या स्थळाची निवड अर्थपूर्ण होती, कारण अकासावा म्हणजे हिनोकीचे जपानमधील सर्वांत नामांकित वन. हिनोकी हा सायप्रस कुळातील वृक्ष असून त्याचे लाकूड फिकट, सुगंधी, सहसा कीड न लागणारे आणि शतकानुशतके टिकणारे असते. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत गणले जाणारे नाराजवळचे होर्युजी हे बौद्ध मंदिर याच लाकडाचे आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानमध्ये किल्ले आणि त्यांच्याभोवतीची नगरे उभारण्याची जी लाट आली, तिने कीसो खोऱ्यातील हिनोकी जवळजवळ संपुष्टात आणले. तेव्हा या प्रदेशाचे स्वामित्व असलेल्या नागोयाच्या ओवारी संस्थानाने १६६५ मध्ये उत्तमोत्तम वने लोकांच्या वावरासाठी बंद केली आणि पुढे हिनोकी, सावारा, असुनारो, नेझुको व कोयामाकी या पाच जातींच्या तोडीवर कडक निर्बंध घातले. एक झाड तोडले तर एक शीर जाईल, अशा अर्थाची म्हणच त्या काळात रूढ झाली. ही व्यवस्था निर्दय होती आणि तिचा भार सरपणासाठी व घरासाठी त्याच जंगलावर अवलंबून असलेल्या गावकऱ्यांनी सोसला, हे विसरून चालणार नाही. तरीही आज अकासावात जी सुमारे ३०० वर्षे वयाची झाडे उभी आहेत, ती त्या निर्बंधांच्या आड बियांतून आपोआप रुजलेल्या पिढीतील आहेत.

इसे येथील मोठ्या शिंतो देवस्थानाशी या वनाचा संबंध याहूनही जिव्हाळ्याचा आहे. हे देवस्थान दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या भूखंडावर जसेच्या तसे नव्याने बांधले जाते आणि देवतेची तेथे समारंभपूर्वक स्थापना होते. सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही प्रथा मध्ययुगातील युद्धकाळाचा खंड वगळता आजवर चालत आली आहे. २०१३ मध्ये तिची ६२ वी आवृत्ती पार पडली आणि पुढची २०३३ मध्ये आहे. तिच्यासाठी लागणारा हिनोकी प्रामुख्याने कीसोच्या डोंगरांतून येतो, त्यामुळे आगामी बांधणीसाठी पहिली झाडे तोडण्याचा विधी जून २०२५ मध्ये आगेमात्सूच्या वनात झाला. त्या वेळी खोडावर केवळ कुऱ्हाडीने तीन बाजूंनी घाव घालून आतील गाभा पोखरला जातो आणि अखेरपर्यंत राखलेल्या तीन आधारांपैकी एक तोडून झाड ठरलेल्या दिशेला आडवे केले जाते. झाड तोडणे आणि झाड पूजणे या दोन गोष्टींत जपानी परंपरेला विरोध वाटत नाही. पुढच्या पिढ्यांच्या गरजेचा हिशेब मनात ठेवून तोड केली, तर ती वनरक्षणाचाच भाग ठरते, असा हा दृष्टिकोन आहे.

शिंतो हा जपानचा मूळ धर्म असून त्यात ‘कामी’ म्हणजे दैवी शक्ती डोंगर, धबधबे, शिळा आणि विशेषतः जुने वृक्ष यांच्या ठायी वास करतात असे मानले जाते. अशा वृक्षाच्या बुंध्याला भाताच्या पेंढ्याची वळलेली जाड दोरी बांधून त्याचे पावित्र्य दर्शवतात. गावोगावच्या शिंतो देवस्थानांभोवती राखलेल्या झाडीला ‘चिन्जू नो मोरी’ म्हणतात. ग्रामरक्षक देवतेची राई असे तिचे वर्णन करता येईल. विसाव्या शतकाच्या आरंभी या रायांवर मोठे संकट आले. १९०६ मध्ये सरकारने लहान देवस्थाने एकत्र करून शक्यतो एका गावात एकच देवस्थान ठेवण्याचे धोरण स्वीकारले आणि पुढील काही वर्षांत सुमारे ७० हजार देवस्थाने मोडीत निघाली. मूर्त संपत्ती म्हणून शिल्लक राहिलेली राई अनेक ठिकाणी लाकूड-व्यापाऱ्यांच्या हाती गेली.

या धोरणाविरुद्ध उभा राहिलेला सर्वांत प्रभावी आवाज कुमागुसू मिनाकाता यांचा होता. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये अभ्यास केलेले, ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात सातत्याने लिहिणारे आणि श्लेष्मबुरशी या सूक्ष्म जीवगटाचे संशोधक असलेले मिनाकाता पुढे वाकायामा प्रांतातील तानाबे गावी स्थायिक झाले होते. राई तुटली की तिच्यातील पक्षी जातात, पक्षी गेले की शेतावर कीड वाढते, झरे आटतात, आणि गावकऱ्यांना एकत्र बांधणारी, मनाला शांती देणारी जागाही नाहीशी होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. निसर्गातील परस्परावलंबनाचे शास्त्र, म्हणजे परिसरविज्ञान, त्यांनी १९११ च्या सुमारास आपल्या पत्रांतून जपानी राज्यकर्त्यांपुढे मांडले. ही पत्रे लोकसंस्कृतीचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांनी छापून प्रसृत केली. या आंदोलनापायी मिनाकाता यांना १९१० मध्ये कोठडीतही राहावे लागले. अखेर १९२० मध्ये हे धोरण गुंडाळले गेले. सगळ्या राया वाचल्या नाहीत, परंतु कुमानोच्या प्राचीन यात्रामार्गावर नोनाका येथे त्सुगिझाकुरा नावाच्या लहान देवस्थानापाशी जे अजस्र सुगी आज उभे आहेत, ते त्यांच्याच प्रयत्नांमुळे बचावले. वने मनाला स्वास्थ्य देतात हे रक्ताच्या चाचण्यांच्या कितीतरी आधी ओळखून त्यासाठी झगडणारा हा माणूस वनस्नानाच्या चर्चेत क्वचितच आठवला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याच १९२० मध्ये टोकियोत राया तोडण्याच्या अगदी उलट दिशेचे एक काम तडीस गेले. १९१२ मध्ये निधन पावलेल्या सम्राट मेइजी यांच्या स्मरणार्थ उभारायच्या देवस्थानाभोवती सुमारे ७० हेक्टर जमिनीवर वन निर्माण करायचे होते आणि ती जमीन बहुतांशी उजाड होती. पंतप्रधान शिगेनोबू ओकुमा यांना तेथे इसेसारखी धीरगंभीर सुगीची झाडी हवी होती. सेइरोकू होंदा, ताकानोरी होंगो आणि केइजी उएहारा या वनतज्ज्ञांनी मात्र ठाम नकार दिला, कारण टोकियोची माती आणि वाढता धूर सुगीला मानवणार नव्हता. त्यांनी ओक आणि कापूर यांसारख्या सदाहरित रुंदपर्णी झाडांची निवड केली आणि सुमारे १०० ते १५० वर्षांत हे वन माणसाच्या मदतीविना स्वतःच पुनरुज्जीवित होत राहील, अशी टप्प्याटप्प्याची योजना कागदावर आखली. देशभरातून सुमारे एक लाख झाडे दान म्हणून आली, लाखाहून अधिक तरुणांनी श्रमदान केले. येथे गळालेली पाने झाडून बाहेर टाकली जात नाहीत, ती परत झाडांच्या मुळाशी नेली जातात. शताब्दीच्या निमित्ताने झालेल्या पाहणीत या वनात वनस्पती, प्राणी, कीटक आणि बुरशी यांच्या सुमारे ३ हजार जाती आढळल्या. हाराजुकू स्थानकाच्या गजबजाटातून बाहेर पडून काही मिनिटांत या वनात शिरता येते आणि त्यासाठी प्रवेशशुल्क नाही. दीडशे वर्षांनंतरच्या माणसांसाठी एखादी सार्वजनिक योजना आखली गेल्याची इतकी नेमकी उदाहरणे जगात फार थोडी असतील.

वनस्नानाला वैज्ञानिक आधार शोधण्याचे काम १९९० मध्ये योशिफुमी मियाझाकी यांनी याकुशिमा बेटावरील प्रयोगाने सुरू केले आणि २००४ नंतर शासकीय पाठबळ मिळून ते विस्तारले. या विषयावरील सर्वाधिक उद्धृत अभ्यासांपैकी एक २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जपानमधील २४ वनांत मिळून २८० तरुण विद्यार्थ्यांवर मोजमापे घेण्यात आली. प्रत्येक ठिकाणी निम्मे विद्यार्थी वनात आणि निम्मे शहरात पाठवले गेले व दुसऱ्या दिवशी त्यांची अदलाबदल झाली, जेणेकरून प्रत्येकाच्या वनातील नोंदींची तुलना त्याच्याच शहरातील नोंदींशी करता यावी. वनात बसून नुसते पाहिल्यानंतर लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताण आला असता शरीरात वाढणारे संप्रेरक, शहरातील पातळीपेक्षा १३.४ टक्क्यांनी आणि चालल्यानंतर १५.८ टक्क्यांनी कमी आढळले. नाडीचे ठोके अनुक्रमे ६ आणि ३.९ टक्क्यांनी मंदावले, तर वरचा रक्तदाब दोन टक्क्यांहून थोडा कमी इतकाच उतरला. धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी स्वायत्त मज्जासंस्थेची बाजू शिथिल होते आणि विश्रांती व पचन सांभाळणारी बाजू वरचढ होते, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

टोकियोतील निप्पॉन वैद्यकीय विद्यालयाचे चिंग ली यांनी याच काळात वेगळी दिशा धरली. त्यांनी टोकियोतील १२ पुरुष कर्मचाऱ्यांना २००५ मध्ये नागानोतील ईयामा येथे तीन दिवस वनात नेले आणि त्यांच्या रक्तातील ‘नॅचरल किलर’ पेशींची, म्हणजे विषाणूबाधित व कर्करोगग्रस्त पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, क्रियाशीलता तपासली. १२ पैकी ११ जणांत ती सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढच्या अभ्यासांत या वाढीचा काही अंश महिनाभर टिकल्याचे आणि शहरातील सहलीनंतर मात्र ती वाढ होत नसल्याचे आढळले. यामागे फायटनसाइड या द्रव्यांचा हात असावा, असे ली यांचे मत आहे. झाडे जंतू आणि कीटकांपासून बचावासाठी हवेत जी सुगंधी रसायने सोडतात त्यांना रशियन शास्त्रज्ञ बोरिस तोकिन यांनी हे नाव दिले. पाइन आणि हिनोकीच्या गंधातील पायनीन हे त्यांपैकीच एक. हॉटेलच्या खोलीत रात्रभर हिनोकीच्या तेलाची वाफ सोडूनही ली यांना याच दिशेचे परिणाम मिळाले.

हे निष्कर्ष आशादायक असले तरी त्यांच्या मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. बऱ्याच प्रयोगांत माणसे मोजकी होती, त्यांतही निरोगी पुरुषांचे प्रमाण अधिक होते, आणि आपण वनात आहोत की शहरात हे सहभागी माणसापासून लपवणे शक्यच नसल्याने अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. कचेरीच्या कामातून मिळालेली तीन दिवसांची सुटी स्वतःच किती उपकारक ठरली, हाही प्रश्न उरतो. रक्तातील काही पेशी अधिक क्रियाशील होणे आणि कर्करोग टळणे यांत मोठे अंतर आहे. वनस्नानाने असा आजार बरा होतो असे सांगणारी जाहिरात दिसली तर ती अविश्वसनीय मानावी आणि चालू असलेले औषधोपचार तिच्यापायी कधीही थांबवू नयेत. ताण हलका होणे, नाडी शांत होणे, मनःस्थिती सुधारणे हे लाभ मात्र अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहेत, आणि आजच्या नागर जीवनात तेही थोडे नाहीत. इंग्लंडमधील सुमारे २० हजार व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य आणि समाधान अधिक चांगले असल्याचे नोंदवले. तो वेळ एका दमात मिळाला की थोडा थोडा, याने फारसा फरक पडला नाही. वर्षातून एकदा केलेल्या दूरच्या सहलीपेक्षा घराजवळची, नेहमी जाता येईल अशी झाडी अधिक मोलाची ठरू शकते, असे यावरून मानता येते.

जपानची सगळीच वने माणसाला सुख देतात असेही नाही. देशाचा सुमारे दोन-तृतीयांश भूभाग वनाच्छादित असला तरी त्यातील जवळपास ४० टक्के वन लागवडीचे आहे, आणि युद्धोत्तर काळात लावलेल्या सुगीच्या एकसुरी पट्ट्यांतून दर वसंतात परागकणांचे पिवळसर लोट उठतात. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत दहापैकी जवळजवळ चार जणांना सुगीच्या परागांची ॲलर्जी असल्याचे आढळले. शिंका, डोळ्यांची आग आणि चोंदलेले नाक हा तेथील वसंताचा अटळ भाग झाला आहे. २०२३ मध्ये सरकारने दहा वर्षांत सुगीची लागवड सुमारे २० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठरवले. केवळ झाडांची संख्या मोजून केलेले वनीकरण आणि होंदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीचा, हवेचा आणि पुढच्या दीडशे वर्षांचा विचार करून उभे केलेले वन यांतील फरक यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण.

आज जपानमध्ये शारीरिक मोजमापांच्या आधारे प्रमाणित केलेली ६० हून अधिक वनोपचार केंद्रे आहेत. हे प्रमाणन २००६ मध्ये सुरू झाले. तेथे चालण्यास सोप्या वाटा आखलेल्या असतात, प्रशिक्षित वाटाडे मिळतात आणि काही ठिकाणी फेरीपूर्वी व फेरीनंतर रक्तदाब मोजला जातो. अकासावाला जाण्यासाठी नागोयाहून रेल्वेने कीसो खोरे गाठावे लागते आणि पुढे हंगामात बस मिळते. हिवाळ्यात बर्फामुळे हे वन बंद असते. पूर्वी लाकूड वाहून नेणारी आणि १९८७ मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झालेली छोटी आगगाडी तेथे झऱ्याच्या काठाने धावते. टोकियोतून एका दिवसात जाऊन येण्यासाठी महानगराच्या पश्चिम टोकाचे ओकुतामा सोयीचे आहे. ज्याच्या हाती चार-पाच दिवस आहेत त्याने २००४ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या कुमानोच्या यात्रामार्गावर चालावे, कारण तेथे वन, देवस्थाने, मुक्कामाची गावे आणि गरम पाण्याची कुंडे एकाच वाटेवर भेटतात. चेरीच्या बहरासाठी जपानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची वेळापत्रके बहुधा शहरे आणि खरेदी यांनी भरलेली असतात. त्यातील एक दिवस वनासाठी राखला तर त्या देशाची अधिक खरी ओळख होईल. परागांची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र मार्च-एप्रिलऐवजी मे किंवा ऑक्टोबर निवडावा.

चिन्जू नो मोरीचे वर्णन वाचताना कोकणातील आणि सह्याद्रीतील वाचकाला आपल्या गावाची देवराई आठवणे स्वाभाविक आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून, देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत आसपास अन्यत्र नष्ट झालेल्या वनस्पती कशा टिकून आहेत, हे दाखवून दिले. मिनाकाता ज्यासाठी झगडले त्याच प्रकारची ही संपत्ती आहे आणि तिच्यावरील संकटही तशाच प्रकारचे आहे. रस्ता रुंद करण्यासाठी, सिमेंटचा सभामंडप बांधण्यासाठी आणि कित्येकदा मंदिराच्या जीर्णोद्धाराचा खर्च भागवण्यासाठी जुनी झाडे आजही तोडली जातात. ज्या गावात देवराई अजून उभी आहे तेथील विश्वस्तांनी आणि मुंबई-पुण्याहून देणगी पाठवणाऱ्या गावकऱ्यांनी जीर्णोद्धाराचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी राईतील एकही झाड जाणार नाही अशी अट त्यात लेखी घालून घ्यावी.